सकाळच्या सह्या

“परत एकदा ‘कनेक्शन तपासा’ दाबा,” पुण्याहून फोनवर सॉफ्टवेअर कंपनीची ऋता म्हणाली. मी दाबलं. चौथ्यांदा लाल अक्षरं आली. पाठीमागे आमचे मालक जयसिंगदादा हाताची घडी घालून उभे होते, शेजारी वर्क्स मॅनेजर रणदिवे साहेब. राग तसा माझ्या नाकावरच असायचा. त्या दिवशी तर तो तिथून हलायलाच तयार नव्हता.

चूक शेवटी एवढीशी निघाली. खात्याची किल्ली म्हणून ऋतानं जी लांबलचक अक्षरं पाठवली होती, ती चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा राहून गेली होती. ती खोडली आणि हिरवी खूण आली. दादांनी टाळी वाजवली. रणदिवे म्हणाले, “एवढ्यासाठी चार तास?”  मी उत्तर दिलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमची फाउंड्री शिरोली एमआयडीसीत. पोलादाचं मोठं ओतकाम करायचो आम्ही, मुख्यतः साखर कारखान्यांसाठी. खरेदीपासून गेटपासपर्यंत सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर चालायचा आणि ते सॉफ्टवेअर सांभाळायचं काम माझं. पंधरा वर्षांचे स्कॅन केलेले कागद त्याच्या पोटात भरून भरून ते असं सुस्तावलं होतं, की एक गेटपास काढायला दहा मिनिटं लागायची आणि बाहेर ट्रकवाले माझ्या नावानं शंख करायचे. म्हणून ठरलं, की कागद बाहेर क्लाउडवर, भाड्याच्या जागेत ठेवायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा फक्त पत्ता ठेवायचा. दादांना त्यात आणखी एक गोष्ट आवडली होती. गिऱ्हाइकाला लिंक पाठवली की त्याला घरबसल्या तपासणीचा कागद बघता येणार होता.

कनेक्शन जुळल्यावर ऋतानं दोन गोष्टी विचारल्या. एकाच नावाचा कागद पुन्हा चढवला तर काय करायचं? मी म्हटलं, नवा दाखवायचा. आमच्याकडे एका कास्टिंगचा एकच नंबर आणि त्या नंबरचा एकच कागद, ही पद्धत पहिल्यापासूनची. मग तिनं विचारलं, खाली दबलेला जुना कागद जपून ठेवायचा का? जागा जास्त लागेल, बहुतेक लोक ठेवत नाहीत. मी म्हटलं, ठेव. आमच्या माणसांवर माझा विश्वास नव्हता, एवढंच कारण. ते जुने कागद सॉफ्टवेअरमधून कुणालाच दिसणार नव्हते. क्लाउडच्या मूळ खात्यात शिरलं तरच दिसणार होते, आणि त्या खात्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंही नाही.

मग दादांनी हौसेनं पहिला कागद मोठ्या स्क्रीनवर उघडला. नेमका तो अण्णाप्पा मगदूम यांचा निघाला.

मगदूम आमचे इन्स्पेक्टर. एकतीस वर्षांची नोकरी, हेर्ल्याचा माणूस. कास्टिंगवर लहान हातोडीनं टकटक करून नुसत्या आवाजावरून आतला दोष सांगायचे. शंका आली तर लाल रंग मारून भेग उघडी पाडायचे. सगळी फाउंड्री त्यांना मामा म्हणायची, मीही. आता असा माणूस दिवसभर काळ्या वाळूत आणि लाल रंगात हात घालणार, आणि त्याच हातानं कागदावर सही करणार. स्क्रीनवर हातभर मोठा काळा अंगठा उमटला होता, त्याच्याखाली नंबर कुठेतरी बुडाला होता. दादा हसले. “हे दाखवायचं होय गिऱ्हाइकाला?” म्हणाले. रणदिवे त्यांच्याहून मोठ्यानं हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार तास घाम गाळून बसवलेल्या कामाचं पहिलंच दर्शन ते. मी तरातरा शॉपमध्ये, जिथं प्रत्यक्ष काम चालायचं तिथं, गेले, तपासणीच्या टेबलापाशी उभी राहिले आणि मामांना नाही नाही ते बोलले. बाजूला तीन ग्राइंडर कर्कश चालू होते. मी हातवारे करतेय हे सगळ्यांनी बघितलं, काय बोलतेय ते आम्हा दोघांशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

ते म्हणाले, “मॅडम, माल तपासायचा म्हंजे हात काळं हुनारच की.”

“सकाळी कामावर येता तेव्हा तर स्वच्छ असतात ना? मग आल्या आल्या दिवसाच्या सगळ्या कागदांवर सह्या करून ठेवायच्या. नंतर फक्त नंबर टाकायचा आणि पास की नापास त्यावर खूण करायची, कागदाची कड धरून.”

“कोऱ्या कागदावर सही?” त्यांनी विचारलं.

“ड्रॉवरला कुलूप आहे ना तुमच्या? मग झालं तर. मला पुन्हा असा कागद दिसता कामा नये, मगदूम.”

मामा न म्हणता मगदूम म्हटलं, ते त्यांना लागलं असावं. मला त्याचं त्या वेळी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कागद लख्ख यायला लागले. रोज सकाळी आठला मामा साबणानं हात धुऊन, रुमालाला पुसून टेबलाशी बसायचे आणि शाळेतल्या पोरासारखे वीस-वीस सह्या करायचे. दादांनी माझं कौतुक केलं. मूळ कागद महिनाभर ठेवून रद्दीत घालायचे असंही ठरलं, कारण आता सगळं वर होतंच.

पुढे जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यात आमचं पिनियन फुटलं. पिनियन म्हणजे उसाच्या मिलचे रोलर फिरवणारं दातेरी चाक. त्याचे दोन दात बुडातून तुटले, एक तुकडा उडाला आणि तिथल्या फिटरचा उजवा हात कोपरापासून गेला. बत्तीस वर्षांचा माणूस होता. कारखान्यानं पोलिसात तक्रार दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची माणसं पोलिसांना घेऊन आमच्याकडे यायची होती. त्यांच्या हातात आम्हीच पाठवलेली लिंक होती. पिनियन नंबर २१४, निकाल पास, सही अ. मगदूम.

सकाळपासून ऑफिसात एकच चर्चा होती, मगदूमनं घोटाळा केला. कालपरवापर्यंत मामा मामा करणारी माणसं त्यांच्याकडे न बघता जात होती. मामा माझ्या टेबलाशी आले. मी त्यांना त्याआधी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

“मॅडम, त्यो पीस मी नापास केल्याला. दाताच्या बुडात बोटभर भेग हुती. लाल रंग मारून बगितली, कागदावर खूण क्येली आन दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेलो. तीन दिस रजेवर हुतो. मागनं काय झालं, मला काय ठावं न्हाई.”

मी सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. पास. सही त्यांचीच.

“सही माजीच हाय,” ते म्हणाले. “खूण माजी न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाले, “उद्या पोलीस मला नेणार म्हनत्यात. थोरल्या पोरीचं लगीन ठरलंय.”

खरं सांगायचं तर मी तेव्हाही त्यांच्यावरच चिडले. एकतीस वर्षं कान लावून काम करणारा माणूस, याला आपण काय तपासलं ते आठवत नाही का, असं मला वाटलं. मी म्हटलं, बघते. म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

तासाभरानं रणदिवे साहेब आले. ते माझ्या टेबलाशी सहसा येत नसत, मलाच केबिनमध्ये बोलावत. खुर्ची ओढून बसले, पाणी मागितलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मॅडम, त्या क्लाउडवर एका नंबरचा एकच कागद राहतो ना? जुनं काही मागे उरत नाही ना?”

सहा महिन्यांत या माणसानं त्या क्लाउडबद्दल एक शब्द विचारला नव्हता. चार तास कशाला लागले, एवढं सोडून.

मी म्हटलं, “एकच राहतो, साहेब.”

त्यांचे खांदे खाली आले ते मी बघितलं. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मूळ खातं उघडलं. तपासणीचे कागद, ऑक्टोबर, २१४. त्यापुढे एक बारीक बाण होता. तो दाबला आणि खाली दबलेला कागद वर आला. सही तीच, नंबर तोच, खूण मात्र नापासच्या चौकोनात. खाली मामांच्या हातचं लिहिलं होतं, ‘दाताच्या बुडाशी भेग, पाठवू नये.’ दोन दिवसांनी त्याच्यावर दुसरा कागद चढला होता. चढवणाऱ्याचं नाव रणदिवे यांचं होतं. तारीख मामा रजेवर होते त्यातलीच.

  हा रणदिवे सकाळपासून शॉपमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगत होता, की मगदूमचं आता वय झालं, कानानं ऐकू येत नाही. ड्रॉवरच्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. त्यानं एक सही केलेला कोरा कागद उचलला, पासवर खूण केली, भेग वेल्डिंगनं बुजवली असणार, घासून गुळगुळीत केली असणार आणि पिनियन ट्रकवर चढवलं. तिकडे एका माणसाचा हात गेला आणि हा इकडे दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून पाणी पीत होता. मी दोन्ही कागदांचे फोटो घेतले, लॅपटॉप उचलला आणि सरळ दादांच्या केबिनमध्ये गेले.

दादांनी रणदिवे आणि मामा दोघांनाही बोलावून घेतलं. मामा दाराजवळ उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी उघडून दाखवले. कोणता कधी चढला, कुणी चढवला, सगळं सांगितलं. आवाज चढलाच माझा. दादांनी मला आवरलं नाही.

रणदिवेंनी आधी कानांवर हात ठेवले. “सॉफ्टवेअरचा माझा पासवर्ड ऑफिसात चौघांना माहीत आहे,” म्हणाले. दादांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मग ते बदलले.

“हंगाम तोंडावर होता, दादा. तुम्हीच रोज विचारत होता, पिनियन कधी निघणार म्हणून. वेल्डिंग चांगलं करून घेतलं होतं मी.”

दादा गप्प झाले. ते गप्प झालेले बघून रणदिवेंना धीर आला असावा, कारण ते एकदम मामांकडे वळले. “आणि मला एक सांगा, कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवणारा इन्स्पेक्टर कुठं बघितलाय का तुम्ही? त्यानं त्या केल्याच नसत्या तर माझ्या हातात काय होतं?”

वाक्य खोटं नव्हतं, हेच त्यातलं वाईट होतं. दादांचा चेहरा पालटला. एवढा वेळ ते रणदिवेंवर चिडले होते, आता त्यांना दुसरा माणूस मिळाला.

“मगदूम, हे खरं आहे?” त्यांनी विचारलं. “कोऱ्या कागदावर सह्या करता तुम्ही?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“आखाडापासनं.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. तिथं माझेच दोन कागद उघडे होते. मी सांगितलं, दादा. एवढे तीन शब्द बोलायचे होते आणि ते माझ्या तोंडात तयार होते. मला वाटलं, आत्ता बोलले तर रणदिवे उलटा फिरेल, म्हणेल की ही बाईच सगळ्याची मूळ, हिच्या कागदांवर काय विश्वास ठेवायचा. आधी हा सापडू दे, मग सावकाश सांगू. असं मी स्वतःला सांगितलं. हिशेब बरोबर होता असं आजही कुणी म्हणेल. पण त्यामागं काय होतं ते मला माहीत आहे. दादांनी माझं कौतुक केलं होतं, सिस्टिम विभागाची प्रमुख करायचं त्यांच्या मनात होतं, आणि मी भ्यायले. मूग गिळून बसले. बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मग मामा म्हणाले, “कुनी न्हाई. माजंच डोस्कं.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद पोलिसांना दिले. रणदिवेंवर गुन्हा दाखल झाला, पुढे त्यांना शिक्षाही झाली. मामांना पोलिसांनी हात लावला नाही, पण दादांनी त्यांचा राजीनामा घेतला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एमआयडीसीत अशी बातमी लपत नाही. कोऱ्या कागदावर सह्या करणारा इन्स्पेक्टर म्हणून तिथल्या एकाही फाउंड्रीनं त्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही. ज्या कानांसाठी लोक त्यांना दुसऱ्या कारखान्यांतून बोलवायला यायचे, ते कान घेऊन ते घरी बसले. मी विभागाची प्रमुख झाले.

त्यानंतरचे तीन महिने मी सगळ्यांवर चिडत होते. रणदिवेंचं नाव निघालं की मला शिव्या सुचायच्या. दादांवर चिडायची, की रोज तगादा लावणारा माणूस नामानिराळा कसा राहिला. ऋतावर चिडायची, की तिनं असं विचारलंच का नाही, आणि काय विचारायला हवं होतं ते मला सांगता यायचं नाही. घरी नवरा म्हणायचा, तू तर त्यांना पोलिसांपासून वाचवलंस, आता कशाला जळफळतेस. त्याला मी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

सगळ्यांत जास्त राग मामांचा यायचा. का म्हणून या माणसानं माझं नाव घेतलं नाही? मी कुठं मागितले होते हे उपकार? त्यांनी नाव घेतलं असतं तर मला कबूल करावंच लागलं असतं आणि सगळं तिथल्या तिथं मिटलं असतं. त्यांनी मोठेपणा केला आणि मला जन्मभराचं बांधून ठेवलं, असं मला वाटायचं. असं म्हणता म्हणता मला ते खरंच वाटायला लागलं.

एका रविवारी उठले आणि स्कूटर काढून हेर्ल्याला गेले. मामा अंगणात म्हशीला पेंड घालत होते. मला बघून त्यांनी बायकोला हाक मारली, बाईसाठी ताक आण म्हणाले. घरात मुलीच्या लग्नाची भांडी मांडलेली दिसत होती. लग्न मोडलं नव्हतं, हे कळलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचाही राग आला.

मी ओट्यावर बसले नाही. उभ्या उभ्याच बोलले. माझा आवाज केवढा चढला होता ते शेजारच्या अंगणातली बाई वळून बघायला लागली तेव्हा कळलं.

“मामा, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? दादांनी सरळ विचारलं होतं तुम्हाला. खोटं का बोललात? मला वाचवायला कुणी सांगितलं होतं?”

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं.

“वाचवाय न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “मालक माज्याकडं बगत हुतं, पर मी तुमच्याकडं बगत हुतो. म्हनलं, मॅडम कागद शोदून आनत्यात, म्हंजे ह्ये बी त्याच सांगत्याल. आपन कशाला मदी बोलायचं.”

म्हशीनं दावं ओढलं. त्यांनी ते धरून ठेवलं.

“लई येळ वाट बगितली म्या. मग मालकांस्नी काय तरी सांगाय पायजे हुतं.”